उखळाच्या जागी ठेवलेला दगड

पाणी पडलं की त्या दगडावरची अक्षरं वर येतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी हिवाळ्याच्या पावसात आमच्या माळवदावर मीच तो फिरवत असे. माती भिजली की छत गळू लागतं, मग दगडी रूळ फिरवून ती दाबायची. रूळ फिरे तशी त्याच्या पाठीवरची रोमन अक्षरं एकेक करून वर येत, आभाळ बघत आणि पुन्हा चिखलात तोंड खुपसत. खालून ताई ओरडे, "सरकीस, कोपरा दाब नीट! माझ्या उशाशी गळतंय!"

म्हणून परवा पुरातत्त्व खात्याच्या हनानबाईंनी बाटलीतलं पाणी त्या दगडावर ओतलं, तेव्हा मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

दगड आता माळवदावर नाही. आमच्या ऐन शूहमधून खाली कफर लूजकडे जी रोमन वाट उतरते, तिच्या पहिल्या वळणावर, ओकाच्या झाडाखाली तो आडवा पडलाय. एकावन्न वर्षं तिथंच. आमच्या बायका म्हणत, देवानं डोंगर केला आणि रोमन लोकांनी त्याचा भांग पाडला. चिऱ्याला चिरा भिडवलेली ती पाखाडी मधोमध खेचरांच्या खुरांनी झिजून गुळगुळीत झाली आहे, कडेला जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. पाऊस पडून गेला की त्या चाकोऱ्यांतून पाणी असं धावतं, जणू कुणाची तरी गाडी नुकतीच पुढे गेली. मोटारीचा रस्ता आला तो डोंगराला लांब वळसा घालून, पलीकडून. त्या रस्त्यानं कफर लूजला जायला अर्धा दिवस मोडतो. ज्याचे गुडघे धड आहेत तो अजून रोमन वाटेनंच उतरतो.

"मैलाचा दगड आहे, अबू इल्यास," हनानबाई म्हणाल्या. इल्यासचा बाप, या नावानंच सगळे मला हाक मारतात. त्या गुडघ्यांवर बसून ब्रशनं चिखल काढत होत्या. "पण अर्धाच. इथं सम्राटाचं नाव आहे, रस्ता दुरुस्त केल्याचं आहे. आकडा खालच्या अर्ध्यावर असणार. तो कुठं गेला?"

"आजोबांनी तोडला. रुळाला एवढा लांब दगड कशाला? खालचा तुकडा कुठल्या भिंतीत गेला, देव जाणे."

"म्हणजे इथून कुठं, किती लांब, ते आता कुणालाच कळायचं नाही."

"कफर लूज तीन मैल," मी म्हणालो. "माझी बहीण तिथं दिली आहे. ते सांगायला रोमन कशाला हवेत?"

त्या हसल्या. मग वही मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, "आणि हा रूळ तुमच्या माळवदावरून इथं कसा आला?"

प्रश्न साधाच होता. पोलिसाचा नव्हता, पाद्र्याचा नव्हता. मी म्हणालो, "आम्ही सिमेंटचं छत घातलं तेव्हा टाकून दिला. उतारावरून गडगडत आला असेल."

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढे तारीख घातली, माझं नाव घातलं, वडिलांचं नाव विचारून तेही घातलं. खोटं मी अर्धशतक बोलत आलोय, पण माझं खोटं कुणी असं जपून, सुबक अक्षरात उतरवून घेतलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "हा आम्ही इथंच उभा करणार," त्या म्हणाल्या. "शेजारी फलक लावू. वाट साफ झाली की लोक बाहेरून चालायला येतील." त्यांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. त्यांचा हात ओला होता, दगडाच्या पाण्यानं.



*

आमचा बाप ब्राझीलला गेला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि नझीराताई अकराची. आधी पत्रं आली, मग नुसता नाताळचा कागद, मग तेही नाही. तो गेला त्याच हिवाळ्यात आई छातीच्या दुखण्यानं गेली. ताईनं मला वाढवलं. भाकरी तिनं थापली, शेळ्या तिनं राखल्या, माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या. तिला मागणं घालायला पहिल्यांदा माणसं आली तेव्हा ती सोळाची होती. ती म्हणाली, "पोराला पंख फुटू देत." दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "फुटतायत, थांबा जरा." अशी अकरा वर्षं ती लोकांना थांबवत राहिली.

आणि ती कडवी रचायची. आमच्याकडे लग्नात दोन बाजू एकमेकींवर कडवी फेकतात, दोन ओळींचं एक, फेकलं की समोरच्यानं तिथल्या तिथं झेलून परत करायचं. ऐन शूहमध्ये तिच्यासारखं झेलणारं कुणी नव्हतं. पुरुष बाहेर अंगणात अडले की कुणीतरी हळूच स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाई, "नझीरा, 'डोंगर'वर काहीतरी दे ना गं." ती कणकेतले हात तसेच ठेवून दोन ओळी देई. जिंकायचे ते, हसायची ही.

ती सत्तावीस वर्षांची झाली तेव्हा कफर लूजचा असाफ आला. खेचरवाला होता. पिठाची पोती वर आणायचा, आमची सफरचंदं खाली न्यायचा. अंगानं सडपातळ, बोलायला मवाळ. येता-जाता पाखाडीवर त्याच्या खेचरांच्या घंटा वाजत, आणि त्या वाजल्या की ताई उगाच झऱ्यावर जाई, घागर भरलेली असली तरी. तिनं या वेळी कुणाला थांबवलं नाही.

मी एकोणीस वर्षांचा घोडा होतो. मला पंख फुटलेले सगळ्या गावाला दिसत होते, मला मात्र फक्त रिकामी चूल दिसत होती.

आता आमची रीत सांगतो. वरात वाटेनं वर आली की मुलीच्या गावची पोरं पहिल्या वळणावर तिला अडवतात. वाटेत दगड ठेवलेला असतो. वरपक्षाच्या एखाद्या गड्यानं तो छातीपर्यंत उचलायचा, मगच पुढं यायचं. आमच्याकडे त्यासाठी चर्चच्या अंगणातलं उखळ ठेवत, सणाला मांस कुटायचं मोठं दगडी उखळ. त्याला काठ होता, बोटं अडकवता येत. त्याचं वजन दोन्ही गावांना पाठ होतं आणि खालच्या गावचा पैलवान महिनाभर आधीपासून तसल्याच उखळावर हात बसवायचा. खरं म्हणजे कुणी हरावं असं कुणालाच वाटत नसे. पण हरले तर रीत कडक होती: नवरीसाठी आणलेलं खेचर रिकामं घेऊन खाली उतरायचं आणि चाळीस दिवसांनी परत यायचं.

चाळीस दिवस. माझ्या डोक्यात ते चाळीस दिवस शिरले ते निघेनात. चाळीस दिवसांत थंडी पडेल. थंडीत पाखाडीवर बर्फ साचतं, मग ईस्टरपर्यंत कोण येतंय? ताई अजून एक हिवाळा घरात राहील. पुढचं मी पाहिलंच नाही. त्या वयात एक हिवाळा म्हणजे जन्म वाटतो.

लग्नाच्या आदल्या दुपारी सगळं गाव भट्टीवर भाकऱ्या भाजत होतं. मी चर्चच्या अंगणात गेलो आणि पहारीनं उखळ फोडलं. तीन घाव लागले. मग गावात जाऊन सांगितलं, "उखळ तडकलंय. गेल्या हिवाळ्यातली चीर होती, तीच पुढं गेली."

म्हातारे जमले. अबू मन्सूर, आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, तुकड्यांकडे बघत म्हणाले, "आता काय ठेवायचं?"

"आमचा रूळ आहे ना," मी म्हणालो.

"खुळा की काय? दोघांनी उचलायचा दगड तो. धरायला काठ नाही, कान नाही."

"त्यांचा दीब जात्याची तळी उचलतो म्हणे. की नुसत्या बाता? आपण साधा दगड ठेवला तर उद्या तेच म्हणतील, ऐन शूहनं पोरगी फुकट दिली."

गावाच्या नाकाला हात लावला की म्हातारे विरघळतात, हे मला ठाऊक होतं. चार पोरांनी दोर लावून रूळ पाखाडीवरून खाली आणला. ताईनं तो दारावरून जाताना पाहिला. म्हणाली, "अरे, माझं छत कुठं घेऊन चाललात?" आणि हसली. भाकरीच्या पिठानं तिची भुवई पांढरी झाली होती.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली तापल्यावर वरात वर आली. पुढं ढोल, मागं सनई, मधे सजवलेलं रिकामं खेचर, त्याच्या कपाळावर निळे मणी. आम्ही वळणावर उभे. वर ओकाच्या सावलीत बायका आणि बायकांच्या मधे ताई, लाल ओढणीनं तोंड झाकलेली. त्या दिवशी नवरीनं बोलायचं नसतं. गाव सोडेपर्यंत तिनं ब्रही काढायचा नाही.

खालच्यांनी पहिलं कडवं टाकलं:

*वरच्या गावचं पाणी गोड, सांगती सारे लोक,*
*पाण्यासंगं पोरगी द्या, नको दगडाचा धाक!*

आमच्यातून लगेच उत्तर गेलं:

*पोरगी आमुची साखर, दगड तिचा पहारेकरी,*
*उचला, नाहीतर पाव्हणं, खेचर हाकत जा घरी!*

हशा झाला. मग त्यांनी दगड पाहिला आणि त्यांच्यातला हशा विरला.

"हे काय?" त्यांचा म्हातारा म्हणाला. "उखळ कुठंय?"

"तडकलं, काका. थंडीनं," मी म्हणालो. "घाबरलात होय?"

"घाबरतंय कोण! दीब, ये पुढं."

दीब म्हणजे लांडगा. माणूसही तसाच, मानेवर केस, हात बैलाच्या मांडीएवढे. त्यानं हाताला माती लावली, खाली बसला, दगडाला मिठी घातली. दगड गोल, गुळगुळीत, शेकडो पावसाळ्यांनी चाटलेला. बोटं घसरत. एकदा जमिनीवरून वीतभर सुटला आणि पुन्हा चिऱ्यावर आदळला. दुसऱ्यांदा तेवढाही नाही. तिसऱ्यांदा दीब उठला आणि त्यानं मान हलवली.

आमची पोरं उधळली:

*लांडगा म्हणवतो, अन् लांडग्याला फुटला घाम,*
*मेंढ्या राख जा दाजिबा, तेच तुझं काम!*

त्यांचा म्हातारा वळला. खेचराचं तोंड खाली फिरवलं गेलं. निळे मणी किणकिणले. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी इतका सुखात होतो की माझ्या घशात हसू मावेना. आज रात्री ताईच्या हातचं खाईन, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात वर ओकाखालून आवाज आला. ओढणीच्या आतून, पण स्वच्छ. सगळे थबकले. नवरी गात होती:

*डोंगर डोईवरी घेऊन चालते ही वाट,*
*दगडाला भितो त्याचा कसा धरू मी हात?*

बायकांनी तिचं तोंड दाबलं. कुणी म्हणालं, "अगं बाई, आज तरी!" पण गेलेली ओळ गेली. आणि ती ओळ दीबसाठी नव्हती हे सगळ्यांना कळलं. अकरा वर्षं थांबलेली बाई रिकाम्या खेचराची पाठ बघत होती. ती दुसरं काय करणार होती?

नवरदेवानं, असाफनं, कोट काढला, घडी करून खेचरावर ठेवला. दीब म्हणाला, "वेडेपणा करू नकोस." असाफ दगडापाशी बसला. मी दोन पावलांवर होतो. तेव्हाही मला तोंड उघडता आलं असतं. "थांबा, उखळ मी फोडलंय," एवढंच म्हणायचं होतं. लोकांनी मला बडवलं असतं, फोडलेल्या उखळाच्या बदल्यात दंड म्हणून बकरा कापून घेतला असता, आणि संध्याकाळपर्यंत सगळे त्यावर हसत जेवले असते.

असाफनं दगड एकदम नाही उचलला. खेचरावर पोतं चढवतात तसा आधी गुडघ्यावर घेतला, मग मांडीवर, मग डोळे मिटून छातीवर. टाळ्या, ढोल, बायकांच्या किलकाऱ्या. त्या सगळ्यात मला एक बारीक आवाज ऐकू आला, जुनं कापड फाटावं तसा. असाफनं डोळे उघडले. ते नेमके माझ्यावर उघडले. मग तो हसला, दगड हळूच खाली ठेवला, कोट घातला आणि ताईच्या खेचराचा दोर धरून पाखाडी उतरू लागला. एकदाही बसला नाही. तीन मैल.

दगड तिथंच राहिला. परत आणायचं कुणी नाव काढलं तर मी म्हणे, "पडू दे. वाटेचा होता, वाटेला गेला." मी छतासाठी लोखंडी नळात सिमेंट भरून नवा रूळ केला.

*

द्राक्षं निघाली तेव्हा असाफला पोतं उचलवेना. नाताळपर्यंत त्याला सरळ उभं राहता येईना. शहरात नेलं, डॉक्टर म्हणाले, पाठीत काय काय सरकलंय, आतडंही उतरलंय. कापलं, शिवलं. त्यानंतर तो दारात खुर्चीवर बसून खेचरांचे पट्टे शिवायचा. खेचरं ताई हाकू लागली. आमच्या डोंगरात बाईनं खेचरं हाकलेली कुणी पाहिली नव्हती. ती डोक्याला फडकं बांधून पाखाडी चढायची, दोन्ही खेपांना पोटात पोर घेऊनसुद्धा चढली. लोक आधी हसले, मग वाट द्यायला लागले.

आणि ती गायची थांबली. माझ्या लग्नात मी तिला म्हणालो, "ताई, एक तरी." ती म्हणाली, "या जिभेनं एक माणूस मोडलाय, सरकीस. दुसरा मोडायचा नाही." मी तिच्यासमोर उभा होतो. हातात अरकच्या दारूचा पेला होता. मी तो पिऊन टाकला.

मग वर्षं गेली. लढाईची गेली, बर्फाची गेली. माझा इल्यास परदेशी गेला. दर रविवारी मी उतरून तिच्याकडे जात राहिलो. असाफ मला नेहमी त्याच्या शेजारची खुर्ची द्यायचा. त्यानं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. सहा वर्षांपूर्वी तो वारला. शवपेटी खांद्यावर घेताना मला ती इतकी हलकी वाटली की मी रडलो, आणि लोक म्हणाले, बघा, मेव्हण्यावर किती जीव.

*

हनानबाईंनी माझं खोटं लिहून घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी काठी घेऊन वाट उतरलो.

ताई दारात बसून भरायचे कोवळे भोपळे पोखरत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बोटं, पण सुरी अशी फिरते की भोपळ्याची साल कागदाएवढी उरते आणि एक भोक पडत नाही.

"आलास?" ती म्हणाली. "आज रविवार नाही, सण नाही. कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग चेहरा असा का? सून फोनवर ओरडली?"

मी बसलो. असाफच्या खुर्चीवर नाही, पायरीवर. म्हणालो, "ताई, उखळ तडकलं नव्हतं."

"कुठलं उखळ?"

"तुझ्या लग्नातलं. मी फोडलं होतं. पहारीनं. आदल्या दुपारी."

सुरी फिरत राहिली. एक भोपळा झाला, तिनं दुसरा घेतला. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगणार तेवढ्यात ती म्हणाली, "का?"

"ते हरावेत म्हणून. चाळीस दिवस. मग बर्फ पडलं असतं, आणि तू हिवाळाभर..."

"एका हिवाळ्यासाठी?"

"हो."

"अरे, मला म्हणायचंस, ताई राहा. मी राहिले असते. अकरा वर्षं राहिले होते ना? एक हिवाळा जड होता मला?"

हे मला एकावन्न वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, की तिला नुसतं विचारता आलं असतं.

तिची सुरी भोपळ्याच्या पार गेली. तिनं भोकाकडे पाहिलं, तो भोपळा बाजूला ठेवला. मग सुरीही ठेवली आणि हात झग्याला पुसले. एकेक बोट पुसत राहिली.

"शेवटच्या आठवड्यात," ती म्हणाली, "असाफला रात्रंदिवस दुखायचं. एके दिवशी ऊन आत आलं होतं, तो जरा बरा होता. म्हणाला, नझीरा, एक कडवं म्हण. मी म्हटलं, गप पड. म्हणाला, कुठलंही म्हण, शेळीवर म्हण, माझ्या टकलावर म्हण. मी तुझ्या कडव्यांसाठी वर यायचो, पिठासाठी नाही." तिनं सुरी जरा लांब सरकवली. "मी कडवं म्हटलं नाही. म्हटलं, या जिभेनं तुला एकदा मोडलंय, आता जाताना ती तुझ्या वाटेत आडवी यायला नको. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी गेला."

पाखाडीवरून कुणाची तरी शेरडं उतरत होती. ती जाईपर्यंत आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत बसलो.

"त्याला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. दगड छातीवर असताना त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं."

"आणि तू?"

"मी टाळ्या वाजवत होतो."

तिनं मान हलवली, हळू, खूप वेळ, एखाद्या लांबच्या माणसाचं बोलणं आता कुठं पोहोचावं तशी. "म्हणजे माझ्या तोंडात एवढी वर्षं तुझं पाप होतं. मी आपली दात घट्ट मिटून ते सांभाळत बसले. नातवंडांच्या लग्नातसुद्धा."

"ताई, माफ कर."

"ती काय शेजारणीची भाजी आहे? मागितली की ताटात वाढली?" तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "आत्ताच कसं आठवलं तुला? असाफ होता तेव्हा का नाही?"

मी तिला हनानबाईंचं, वहीचं, गडगडत आलेल्या दगडाचं सांगितलं.

"म्हणजे सरकारी कागदासाठी," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही."

"तसं नाही, ताई."

"तसंच आहे. पण चल, निदान कागदावर तरी खरं येऊ दे. त्या बाईला सांग जाऊन. आणि आता ऊठ. ऊन चढायच्या आत वर जा. या वयात पाखाडीवर आडवा झालास तर तुला उचलणारा आता कुणी उरला नाही."

मी उठलो. तिनं सुरी पुन्हा हातात घेतली होती. पण ती पोखरत नव्हती, नुसती धरून बसली होती.

*

गुरुवारी मी वळणावर गेलो. हनानबाई दोन गवंड्यांना घेऊन दगडाखाली पाया खणवत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, गवंड्यांसमोर. मधे एका गवंड्यानं फावडं टेकवून ठेवलं आणि टोपी काढली, का कुणास ठाऊक.

बाईंनी वही उघडली. परवाचं पान काढलं. "फलकावर दोनच ओळी मावतात, अबू इल्यास," त्या म्हणाल्या. "त्यात सम्राट येईल, वर्ष येईल. हे नाही येणार."

"नको येऊ दे. वहीत तरी बदला."

त्यांनी 'गडगडत' या शब्दावर रेघ मारली. थोडा विचार केला, आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, "एका लग्नात उचलण्यासाठी खाली आणला." मग विचारलं, "उचलला कुणी?"

"असाफनं. कफर लूजचा खेचरवाला."

"आणि आणला कुणी?"

मी माझं नाव पुन्हा सांगितलं. वडिलांचं नावही सांगितलं. त्यांनी सगळं लिहिलं. गवंड्यांनी दगडाला दोर लावला आणि साखळीची कप्पी फिरवली. दगड चिखलातून सुटला, हळूहळू उभा झाला. किती हलका दिसत होता यंत्रावर.

रविवारी जावं की नाही, या विचारात मी चर्चमधली प्रार्थना चुकवली. मग घंटा वाजून गेल्यावर उतरलो. प्रत्येक वळणावर थांबलो. वाटलं, दार लावलेलं असेल, आणि ते लावलेलं असावं असंही वाटलं, म्हणजे परत फिरता येईल.

दार उघडं होतं. ताईनं मला पाहिलं. आत गेली. मी बसलो. या वेळी खुर्ची कुणी पुढं केली नाही, म्हणून पुन्हा पायरीवर. आतून कॉफी उकळल्याचा वास आला. ती कप आणि कॉफीचं भांडं घेऊन बाहेर आली आणि कप माझ्या हातात दिला.

मी घोट घेतला. साखर नव्हती. कुणाच्या घरी माणूस गेलं की बसायला आलेल्यांना देतात, तशी होती. सहा वर्षांपूर्वी याच दारात मी ती लोकांना वाटली होती. माझ्या वाट्याची मी तेव्हा प्यालो नव्हतो, काम आहे म्हणत ट्रे घेऊन फिरत राहिलो होतो.

ताई समोर भिंतीला टेकून बसली. तिनं स्वतःसाठीही तशीच घेतली होती. शेजारी कुठंतरी कुणी मुलगी गुणगुणत कपडे वाळत घालत होती. तिचा सूर चुकला, ताईच्या ओठांची कड हलली, आणि थांबली.

मी कप संपवला. तिनं भांडं उचललं आणि मला न विचारता दुसरा ओतला. तोही कडू होता.